धुऱ्यापलीकडची पऱ्हाटी

इंद्रभान आणि रतनसिंग यांच्या वावरांच्या मधे एकच धुरा, म्हणजे बांध. अलीकडे इंद्रभानचं सहा एकर, पलीकडे रतनसिंगचं अडीच. इंद्रभान गावातला, रतनसिंग गावाला लागून असलेल्या तांड्यावरचा. दोघंही पन्नाशीच्या आसपासचे. धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून दोघांनी किती वेळा भाकर खाल्ली असेल, त्याचा हिशोब कोणी ठेवला नव्हता.

रतनसिंग आणि त्याची बायको धुरपताबाई दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. पार पश्चिमेकडे, पाच-सहा महिने. घरी लेक आपल्या काकूजवळ राहायची. या वर्षी लेक दहावीत गेली आणि धुरपताबाईनं ठरवून टाकलं की यंदा जायचं नाही. "पोरीच्या परीक्षेत सकाळचा चहा बी तिनंच करून प्याचा काय?" असं तिनं नवऱ्याला विचारलं. घरी राहायचं तर वावरातून पीक निघायला पाहिजे. म्हणून त्यानं अडीचही एकरांत पऱ्हाटी लावली. आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटीच म्हणतात. दोघांनी तिची अशी निगा राखली की येणारा-जाणारा धुऱ्यावर थांबून पाहत असे.

इंद्रभानचं सगळं सोयाबीन होतं. फक्त धुऱ्याला लागून अर्ध्या एकराचा एक तुकडा त्यानं पडीक ठेवला होता. हरभऱ्यासाठी. त्यात गाजरगवत माजलं. श्रावणातल्या एका दिवशी त्यानं तणनाशक मारायचं ठरवलं. सकाळी निघायचं होतं, पण पंपाची बॅटरी चार्ज झालेली नव्हती. ती होईस्तोवर दुपार झाली आणि वारा सुटला. इंद्रभानला वारा दिसत होता. गवताचे शेंडे रतनसिंगच्या वावराकडे वाकत होते. पण औषध पाण्यात कालवून झालं होतं, आभाळही भरून येत होतं. 'उरकून टाकू एकदाचं,' असं म्हणत त्यानं चार पंप मारले आणि तो घरी आला. आजूबाजूच्या वावरांत त्या वेळी कोणीच नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी रतनसिंगच्या पऱ्हाटीची शेंड्याकडची पानं बिघडायला लागली. चांगली पंजाएवढी रुंद पानं सोडून झाडाला भेंडीसारखी लांबुळकी, चिरलेली पानं येऊ लागली. शेंडे आखडले, पात्या म्हणजे फुलकळ्या गळू लागल्या. धुऱ्याकडच्या दीड एकरात सगळीकडे तेच. रतनसिंगचं डोकं चालेना. त्यानं आठवून पाहिलं, तर त्याच सुमारास त्यानं मावा-तुडतुड्यांवर फवारणी केली होती. औषध आणलं होतं गावातल्या हरीओमच्या दुकानातून.

हरीओम सव्वीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं गावात कृषी केंद्र टाकलं होतं, म्हणून लोकांची बियाण्यासाठी वाशिमची चक्कर वाचायची. रतनसिंग ती रिकामी बाटली घेऊन दुकानासमोर उभा राहिला.

"काय देल्लं तू मले? औषध का जहर?"

"दादा, हेच औषध गावात तीस जनाइनं नेलं," हरीओम म्हणाला. "कोनाच्याच पऱ्हाटीले काई झालं नाई. बाटलीचं सील तुमच्यासमोर तोडलं का नाई मी?"

"मंग मायीच पऱ्हाटी काहून जळून राह्यली?"

हरीओमला त्याचं कारण सांगता आलं नाही, आणि लोकांनी त्याचा अर्थ आपल्या मनानं लावला. कोणीतरी वाकड्या पानांचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, नकली औषधापासून सावध राहा. दोन दिवसांत दुकानात येणारी माणसं अनसिंगच्या दुकानांत जाऊ लागली. सरपंचानं तालुक्याला फोन केला. कृषी सहायक मॅडम शुक्रवारी येऊन पाहणी करतील, असा निरोप आला.

इंद्रभाननं ती पऱ्हाटी मंगळवारी पाहिली. धुऱ्यावर उभा राहिला आणि त्याला गवताचे ते वाकलेले शेंडे आठवले. धुऱ्यापासून जितकं लांब जावं तितकी झाडं बरी होती. पार पलीकडची तर जशीच्या तशी हिरवी. त्याला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

पण तो बोलला नाही. रतनसिंग शेजारी उभा राहून हरीओमला शिव्या देत होता आणि इंद्रभान नुसता मान हलवत होता. आपण मान का हलवली, हे नंतर त्याला स्वतःलाच समजेना. गावात धुऱ्याचं भांडण झालं की लोक त्याला बोलवायचे. तो काय म्हणेल ते दोन्ही बाजू ऐकायच्या. ती सगळी माणसं आता काय म्हणतील, हा विचार त्याच्या मनात आधी आला. रतनसिंगची पऱ्हाटी त्यानंतर. त्याची त्याला लाज वाटली. तरी त्या दिवशी तो तसाच घरी आला.

बुधवारी सकाळी हरीओम त्याच्या घरी आला. खाटेच्या काठावर बसला. रंगूबाईनं, म्हणजे इंद्रभानच्या बायकोनं, चहा दिला, पण त्यानं कपाला हात लावला नाही.

"काका, शुक्रवारी मॅडम येतीन तवा तुमी दोन शब्द बोला ना माह्यासाठी," तो म्हणाला. "मी नकली माल ठेवत नाई, हे तुमाले माहीत हाय. तुमचं सगळे आयकतात. माह्या बापानं वावर इकून हे दुकान टाकून देल्लं."

इंद्रभान त्याच्याकडे पाहू शकला नाही. "येतो मी शुक्रवारी," एवढंच म्हणाला.

पोरगा गेला. इंद्रभानसमोरचं ताट तसंच राहिलं. रंगूबाई चुलीपासून उठून त्याच्यापुढे येऊन बसली.

"कालपासून पाहून राह्यली मी," ती म्हणाली. "काय झालं ते सांगा."

त्यानं सांगितलं. बॅटरीपासून वाऱ्यापर्यंत सगळं. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "मामंजी असते तर काय म्हनले असते?"

इंद्रभानला ते माहीत होतं. त्याचे वडील मारोतराव यांचा एक नेम होता. आपलं ढोर चुकून दुसऱ्याच्या वावरात शिरलं, तर त्या मालकाला ते कळायच्या आत आपण जाऊन सांगायचं. इंद्रभान दहा वर्षांचा असताना त्याच्या हातून गाय सुटली आणि शेजारच्याची ज्वारी खाऊन आली. वडिलांनी त्याला मारलं नाही. नुसतं म्हणाले, "जाय, सांगून ये." तो रडत गेला होता. त्या शेजाऱ्यानं त्याला गुळाचा खडा देऊन परत पाठवलं होतं. पुढे इंद्रभाननं आपल्या दोन्ही लेकरांना तसंच पाठवलं.

"पन ते ज्वारीचे चार ताटं होते वो," तो म्हणाला. "हे त्याच्या वर्षाचं पीक हाय. त्याले आता पोरीले ठेवून पुन्हा तोडीले जा लागीन. मी कोन्या तोंडानं सांगू?"

"याच तोंडानं," रंगूबाई म्हणाली. "चाला. मी बी येतो तुमच्यासंगं."

दोघं तांड्यावर गेले. अंगणात धुरपताबाई तुरीची डाळ पाखडत होती, रतनसिंग बैलाचं दावं वळत होता. त्यानं इंद्रभानला पाहून खाट पुढे केली. इंद्रभान बसला नाही. उभ्यानंच बोलला.

"रतन, तुह्या पऱ्हाटीले हरीओमच्या औषधानं काई झालं नाई. ते मी केलं. पडकात तणनाशक मारलं तवा वारा तुह्याकडं होता. मले दिसत होता वारा. तरी मारलं."

रतनसिंगच्या हातातलं दावं थांबलं.

"कवा?"

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी."

"मंग काल धुऱ्यावर माह्यासंगं उभे होते तवा काहून नाई बोलले?"

"भेलो," इंद्रभान म्हणाला.

रतनसिंग उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो ओरडला असता, हात उचलला असता, तर इंद्रभानला ते सोपं गेलं असतं. पण तो पायात चप्पल घालून वावराच्या वाटेनं निघून गेला. धुरपताबाईनं सूप खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं रंगूबाईला म्हटलं, "बसा बाई. उन्हातून आल्या." आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. रंगूबाई तिच्याजवळ जमिनीवर बसली. रंगूबाईनं सूप ओढून उरलेली डाळ पाखडायला घेतली.

रतनसिंगनं ते गावात कोणाला सांगितलं नव्हतं. शुक्रवारी गाव त्याच्या वावरात जमलं. कृषी सहायक सुकेशनी मॅडम मोटारसायकलवरून आल्या. हरीओम एका बाजूला एकटाच उभा होता, बिलांची फाइल छातीशी धरून. मॅडमनी झाडं पाहायला सुरुवात करायच्या आतच इंद्रभान पुढे झाला. तांड्यावर जे सांगितलं होतं तेच त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि शेवटी हरीओमकडे वळून म्हणाला, "पोरा, तुह्यावर आळ आला तो माह्यापाई. बुधवारी तू घरी आला तवाच मले सांगायला पायजे होतं."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. ज्यानं ग्रुपवर फोटो टाकला होता, तो हळूच मागे सरकला. हरीओमनं फाइल खाली घेतली आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

सुकेशनी मॅडमनी दोन-चार झाडं निरखून पाहिली. इंद्रभानला औषधाचं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली.

"बरोबर. हे औषध पऱ्हाटीला नुसत्या वाऱ्यानंही लागतं. आणि बरं झालं काका, तुम्ही सांगितलं," त्या म्हणाल्या. "रतनसिंगभाऊ रोग समजून फवारणीवर फवारणी करत बसले असते, तर झाडं गेलीच असती. आता एक उपाय आहे. वाकडे झालेले सगळे शेंडे खुडून टाकायचे, एकही ठेवायचा नाही. मग युरियाचं पाणी फवारायचं. झाडात दम आहे, नव्यानं फुटतील. सगळी नाही, पण बरीच फुटतील. मात्र उशीर करू नका. दोन-तीन दिवसांत झालं पाहिजे."

"दीड एकर हाय मॅडम," रतनसिंग पहिल्यांदाच बोलला. "आमी दोघं जन. झाडा-झाडानं खुडतो म्हनलं तं पंधरा दिवस लागतीन."

कोणी काही बोलण्याआधी रंगूबाई म्हणाली, "दोघं कायले? उद्या सकाळी मी येतो. अजून कोन कोन येते ते सांगा."

ती तेवढ्यावर थांबली नाही. दुपारभर ती घरोघरी फिरली. सोयाबीनचं निंदण आटोपलं होतं, बायांचे हात मोकळे होते. तांड्यावर धुरपताबाईची जाऊ फिरली. गावातल्या आणि तांड्यावरच्या बाया एरवी मजुरीला एकत्र जायच्या, पण मजुरीशिवाय एका वावरात उतरायची ही पहिलीच वेळ होती. कोणी विचारलंच, तर रंगूबाई म्हणायची, "आज रतनचं हाय. आपल्या घरच्या पिकावर आलं असतं तं?"

शनिवारी सकाळी दव सुकायच्या आत चाळीसेक माणसं वावरात उभी होती. बाया जास्त, गडी दहा-बारा. सरपंचाची आई सत्तर वर्षांची, तीही स्टूल घेऊन आली आणि एका जागी बसून हाताला येतील तेवढी झाडं खुडू लागली. हरीओमनं दुकानाला कुलूप लावलं होतं. युरियाची थैली मोटारसायकलवर टाकून तोच घेऊन आला. सुकेशनी मॅडमनी एका झाडावर कुठून खुडायचं ते दाखवलं आणि ओळी वाटून दिल्या.

इंद्रभाननं धुऱ्याला लागूनच्या ओळी घेतल्या. सगळ्यांत वाईट झाडं तिथंच होती. तो वाकून एकेक शेंडा तोडत होता आणि कमरेला बांधलेल्या पिशवीत टाकत होता. शेजारच्या ओळीतून रतनसिंग चालला होता. दोघांच्या मधे हातभर अंतर. रतनसिंग त्याच्याशी बोलला नाही. वाटेत इंद्रभानच्या हातून दोन झाडं सुटली, तेव्हा रतनसिंगनं वाकून ती खुडली आणि पुढे गेला.

दुपारी बाभळीखाली भाकरी सुटल्या. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कोणाचं पिठलं, कोणाची अंबाडीची भाजी. तांड्यावरच्या बायांनी बाजरीच्या जाड भाकरी आणल्या होत्या. इंद्रभान जरा लांब, कुऱ्हाडीनं तासलेल्या ओंडक्यावर बसला होता. धुरपताबाईनं एका भाकरीवर भाजी घेतली आणि त्याच्या हातात दिली.

"इकडं या ना भाऊ. कायले दूर बसले?"

तो उठून सगळ्यांत आला. बाजूच्यांनी सरकून त्याला जागा केली. सरपंचाची आई गाणं म्हणायला लागली होती आणि तांड्यावरच्या पोरी तिच्या बेसूर आवाजाला हसत होत्या.

संध्याकाळी दिवस असतानाच दीड एकर खुडून झालं. दुसऱ्या दिवशी फवारणी झाली. त्याआधी, तणनाशकाचा थेंबही राहू नये म्हणून, हरीओमनं पंप तीनदा धुतला आणि नोझलही नवं लावलं.

नंतरचा आठवडाभर रतनसिंग रोज सकाळी वावरात जायचा आणि इंद्रभान रोज धुऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा. एका सकाळी त्याला खुडलेल्या जागेच्या खाली, बगलेतून, पोपटी पालवी दिसली. पान छोटं होतं, पण रुंद होतं. तो वाकून पाहतच राहिला. मागून रतनसिंग आला. त्यानंही ते पाहिलं. दोघं शेजारी उभे राहिले, आणि मग आपापल्या वाटेनं गेले.

बोलणं झालं पोळ्याच्या दिवशी. मारुतीच्या देवळासमोर बैलांची रांग लागली होती. रतनसिंगची जोडी इंद्रभानच्या जोडीच्या मागेच उभी होती. वाजंत्री सुरू झाली तशी इंद्रभानच्या एका बैलाची झूल घसरून पोटाखाली आली आणि बैल बुजला. रतनसिंग पुढे धावला, झूल धरली.

"बांधाले येते का नाई तुमाले इंद्रभानभाऊ? इतके वर्षं काय केलं?"

"तूच बांध मंग," इंद्रभान म्हणाला.

रतनसिंगनं गाठ मारली आणि बैलाच्या पाठीवर थाप दिली. मग तिथंच, वाजंत्रीच्या गलक्यात, त्याच्या कानाजवळ येऊन म्हणाला, "लय राग आल्ता भाऊ मले. आजबी थोडासा हाय."

"राहू दे," इंद्रभान म्हणाला. "तेवढा पायजे."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रतनसिंग हरीओमच्या दुकानात गेला. काउंटरसमोरच्या बाकड्यावर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा तासभर बसून राहिला. त्यानं दोन वेळा चहा मागवला. जाताना म्हणाला, "हरबऱ्याचं बियानं येईन तवा मायी एक थैली ठेवजो." हरीओमनं वहीत त्याचं नाव सगळ्यांत वर लिहिलं.

हरभरा कुठं पेरायचा, हे आधीच ठरलं होतं. इंद्रभाननं तो पडीक तुकडा आणि त्याला लागून आणखी एक एकर, विहिरीच्या पाण्यासकट, रतनसिंगला या रबीसाठी देऊ केला होता. रतनसिंग आधी नाही म्हणाला. दान नको, असं म्हणाला. धुरपताबाईनं मधे पडून तोड काढली. मेहनत दोघांनी करायची, पीक दोघांनी वाटून घ्यायचं.

दसऱ्याच्या आधी ऊसतोडीचा मुकादम तांड्यावर आला. दरवर्षीप्रमाणे रतनसिंगच्या अंगणात बसला. रतनसिंगनं त्याला चहा पाजला आणि यंदा जमत नाही म्हणून सांगितलं. लेक दारात पुस्तक घेऊन बसली होती. ती वर न पाहता पानं उलटत राहिली, पण तिच्या ओठांवरचं हसू आईला दिसलं.

पऱ्हाटी काही पूर्ण परत आली नाही. धुऱ्याकडच्या पाच-सहा ओळी खुरटूनच राहिल्या. बाकीच्या झाडांना बोंडं उशिरा लागली आणि इतरांपेक्षा कमी लागली. पण लागली. दिवाळीच्या तोंडावर वावर पांढरं व्हायला सुरुवात झाली.

वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही करायचं असतं. वावरात झाडापाशी दहीभाताचा निवद दाखवून, हळदी-कुंकू वाहून मग पहिलं बोंड वेचायचं. धुरपताबाई सकाळीच रंगूबाईच्या दारात उभी राहिली.

"चाला बाई. दोघी मिळून करू."

"अवं, वावर तुहं, मान तुहा," रंगूबाई म्हणाली.

"मंग मीच म्हनून राह्यली ना. दही तुमच्या घरचं घ्या, तुमची म्हैस दुभती हाय."

दोघी वावरात गेल्या. मागून रतनसिंग आणि इंद्रभान रिकाम्या गाठोड्यांची फडकी खांद्यावर टाकून चालले होते, या वर्षी थंडी लवकर पडणार की नाही यावर वाद घालत. धुरपताबाईनं झाडाला कुंकू लावलं, रंगूबाईनं दहीभात ठेवला. मग धुरपताबाईनं पहिलं बोंड रंगूबाईला वेचायला लावलं. कापूस लांब धाग्याचा, स्वच्छ निघाला. रंगूबाईनं तो बोटांनी ओढून पाहिला आणि धुरपताबाईच्या ओटीत टाकला. दोघींनी पदर खोचले आणि शेजारशेजारच्या ओळींत वेचायला सुरुवात केली.